वाशिम–लोणार–सिंदखेडराजा: दोन दिवसांच्या सहलीला खर्च किती?

दिवाळी सरली की वाशिम, रिसोड, मंगरुळपीरच्या घराघरांत राजस्थानच्या सहलीचा विषय निघतो. २०२५ च्या जुलैपासून काचीगुडा ते भगत की कोठी ही जोधपूरची रोजची गाडी वाशिमवरून धावू लागली, तेव्हापासून तर जास्तच. जैसलमेरचा किल्ला, पालीवालांनी सोडून दिलेले कुलधरा गाव, समच्या वाळूच्या टेकड्या हे सगळे आयुष्यात एकदा पाहावे असेच आहे. पण तिकडे जाण्याचाच प्रवास दिवस-रात्रीहून मोठा, जोधपूरहून जैसलमेर आणखी पाच-सहा तास, म्हणजे आठवड्याची रजा आणि त्या मानाने पैसा हवा. ज्यांच्या हाताशी शनिवार-रविवारच आहे, घरात शाळकरी मूल आणि एखादी आजी आहे, त्यांच्यासाठी हा हिशेब मांडला आहे. पडके वाडे, ओस पडलेली देवळे, उघडा काळा खडक आणि अशनीने पाडलेला अख्खा खड्डा, हे सारे वाशिमहून निघून परत येईपर्यंत सुमारे ३०० किलोमीटरच्या फेरीत बसते.

एक गोष्ट आधीच ठामपणे सांगतो. या सहलीत गाडीवर वाचवा, खोलीवर वाचवा, हवे तर डबा बांधून न्या. गाइडवर मात्र वाचवू नका. लोणारला कठड्याशी उभे राहून फोटो काढून वीस मिनिटांत परतणारी कुटुंबे दर रविवारी दिसतात. त्यांनी पेट्रोलचे, जेवणाचे, सगळ्याचे पैसे मोजलेले असतात आणि पाहायचे ते राहून गेलेले असते.

वाट कशी धरायची

पहिल्या दिवशी सकाळी सातला वाशिम सोडा. निघण्याआधी बालाजीचे दर्शन होतेच. अठराव्या शतकात भवानी काळू यांनी बांधलेले हे मंदिर आणि पद्मतीर्थ वाशिमकरांना नवे नाही. नवे वाटेल ते एवढेच, की हे गाव म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लावले ते याच गावी. इथे १९३९ मध्ये सापडलेल्या ताम्रपटाने या शाखेचा इतिहास उजेडात आणला. अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेणारा वराहदेव हा इथल्याच हरिषेण राजाचा मंत्री होता. त्या काळचे उभे असे फारसे काही गावात उरलेले नाही, म्हणून वाशिममध्ये वेळ घालवण्यापेक्षा मुलांना ही गोष्ट गाडीत सांगा आणि पुढे निघा.

वीसेक किलोमीटरवर शिरपूर. अंतरिक्ष पार्श्वनाथाचे हे जैन तीर्थ पंथांच्या वादामुळे १९८१ पासून बंद होते, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये उघडले. गावाबाहेरचे पवळीचे जुने दगडी मंदिर पाहायला विसरू नका. इथे तासभर पुरतो. तीर्थस्थान आहे, तेव्हा चामड्याच्या वस्तू गाडीत ठेवा. मग रिसोडमार्गे दुपारपर्यंत लोणार. दुपार आणि संध्याकाळ गावातल्या देवळांसाठी, मुक्काम लोणारला, दुसऱ्या दिवशी पहाटे खड्ड्यात उतरायचे, दहापर्यंत वर यायचे. सुलतानपूरवरून सिंदखेडराजा, तिथे तीन तास, परतीला मेहकर, मालेगाव आणि रात्री नऊच्या आत घर. कारंजा या वाटेवर कोंबू नका, ते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि त्याला वेगळा दिवस द्यायला हवा.

गाडीचा हिशेब

सर्वांत जास्त पैसा जातो तो इथे आणि फसगतही इथेच होते. भाड्याची गाडी ठरवताना लोक किलोमीटरचा दर विचारतात आणि तिथेच थांबतात. खरी मेख असते ती ‘किमान किलोमीटर’च्या अटीत. बाहेरगावच्या मुक्कामी भाड्याला दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटर धरण्याची पद्धत आहे. समजा दर १२ रुपये ठरला आणि अट ३०० ची आहे, तर दोन दिवसांचे ६०० किलोमीटर म्हणजे ७,२०० रुपये झाले. चालकाचा भत्ता दिवसाला ४०० धरला तर एकूण ८,०००. तुमची गाडी फिरली मात्र ३०० किलोमीटर. म्हणजे निम्मे पैसे न फिरलेल्या रस्त्याचे.

यावर उपाय सोपा आहे. वाटेतली सगळी गावे सांगून ‘दोन दिवसांचे एकरकमी किती’ असे विचारा किंवा दिवसाचे भाडे वेगळे आणि डिझेल आपले, असा व्यवहार करा. वाशिमसारख्या गावात ओळखीचे गाडीवाले याला तयार होतात. भत्ता, चालकाच्या रात्रीच्या झोपण्याची सोय, पार्किंग, टोल यातले काय धरले आहे आणि काय नाही, हे व्हॉट्सॲपवर लिहून मागवा. तोंडी व्यवहारात ‘मुक्कामाचे वेगळे’ हे वाक्य नेहमी परतीच्या दिवशीच ऐकू येते.

घरची गाडी असेल तर गणित फारच हलके होते. लिटरला १५ किलोमीटर धरले तर २० लिटर पेट्रोल, १०५ रुपयांच्या भावाने २,१०० रुपये. या फेरीला समृद्धी महामार्गाची गरज नाही. मालेगाव–मेहकर–सुलतानपूर–सिंदखेडराजा हा जुना नागपूर–मुंबई रस्ताच सोयीचा. नागपूर किंवा संभाजीनगरहून येणाऱ्या पाहुण्यांना मात्र समृद्धीवरचे मेहकर आणि सिंदखेडराजाचे फाटे उपयोगी पडतील. तिथे १ एप्रिल २०२५ पासून हलक्या वाहनांना किलोमीटरला २.०६ रुपये टोल आहे, आणि दुचाकीला त्या रस्त्यावर मुळीच परवानगी नाही.

आता एसटी. हिला कमी लेखू नका. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या बसचा सहा किलोमीटरचा टप्पा १० रुपये ५ पैसे झाला. या फेरीत साधारण ४५ टप्पे होतात, म्हणजे एका पूर्ण तिकिटाचे दोन दिवसांचे साडेचारशे रुपये. पण चौघांच्या घरात पूर्ण तिकीट किती जणांना पडते ते पाहा. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे, पाच ते बारा वयाच्या मुलांना निम्मे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे आणि ७५ च्या पुढे अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत फुकट. नवरा, बायको, दहा वर्षांचे मूल आणि अडुसष्ट वर्षांची आजी मिळून अडीच तिकिटे. चौघांचा सगळा प्रवास ११३० रुपयांच्या आसपास. त्यात लोणार आणि सिंदखेडराजात गावात फिरायला ऑटोचे ८०० धरा. आजीचे आधार कार्ड मात्र पर्समध्ये हवे, घरी कपाटात असून उपयोग नाही. एसटीत अडचण पैशांची नाही, वेळेची आहे: रिसोडला किंवा मेहकरला गाडी बदलावी लागते आणि संध्याकाळी गाड्या विरळ होतात. एसटीने जाणार असाल तर शिरपूर आणि मेहकर यांतले एक सोडा.

लोणारला गाइड का

लोणारचा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल. काळ्या बेसाल्ट खडकात अशनीने पाडलेला आणि इतका नीट टिकलेला दुसरा खड्डा जगात शोधून सापडणे कठीण. १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. १९७९ मध्ये तो राष्ट्रीय भूवारसा ठरला, २००० मध्ये अभयारण्य आणि २०२० मध्ये रामसर पाणथळ. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा सगळा देश लोणारकडे पाहू लागला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून हे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचे काम असल्याचे सांगितले.

ही सगळी माहिती मोबाइलवर मिळते. जागेवर काय दिसते ते मात्र मोबाइल दाखवत नाही. उतरताना गाइड एका जागी थांबवतो आणि कडेच्या खडकाकडे बोट करतो. आपल्या भागात विहीर खोदली की बेसाल्टचे थर आडवे दिसतात, इथे तेच थर खड्ड्याच्या कडेला वर उचललेले आणि बाहेरच्या बाजूला खाली कललेले आहेत. धक्का किती मोठा असेल ते त्या तिरक्या रेघेवरून कळते, आणि कोणी दाखवल्याशिवाय ती रेघ दिसत नाही. धार या झऱ्यावर गोमुखातून पडणारे पाणी गोड, तेच खाली झिरपत ज्या तळ्याला मिळते ते तळे खारट आणि इतके क्षारयुक्त की त्याचा सामू दहाच्या वर जातो. मोठ्या मारुतीच्या देवळात आडवी, झोपलेली मूर्ती आहे. त्या दगडाजवळ गाइड होकायंत्र धरतो तेव्हा सुई जागची हलते आणि मुलांना दगडातले लोह एका क्षणात समजते.

गावातले दैत्यसूदन मंदिर पाहायला तासभर कमीच. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचे हे मंदिर चालुक्यांच्या काळातले मानले जाते. बाहेरच्या भिंतींवर शिल्पांची गर्दी आहे, पण खरे काम आतल्या छतावर आहे आणि तिथे अंधार. जवळ चांगली विजेरी ठेवा. गाइडला छतावरचे प्रसंग एकेक करून उलगडायला सांगा, घाई करू देऊ नका.

गाइडचे किती द्यायचे? अर्ध्या दिवसाचे, म्हणजे पहाटेचा खड्डा आणि आदल्या संध्याकाळची देवळे मिळून, मी अंदाजपत्रकात १,००० रुपये धरीन. रक्कम चौघांसाठी एकच असते, माणशी नव्हे, हे आधी स्पष्ट करून घ्या. दोन-तीन कुटुंबे एकत्र गेली तर ती वाटली जाते. ठरवताना भावापेक्षा चार गोष्टी आधी विचारा: खाली उतरणार का नुसते वरून दाखवणार, किती तास, कोणती देवळे आणि आज काठाची वाट मोकळी आहे का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. गेल्या काही वर्षांत तळ्याची पातळी वाढली आहे, काठाची पायवाट काही ठिकाणी पाण्याखाली असते आणि कमळजा देवीच्या देवळापर्यंत पाणी येते. पूर्ण प्रदक्षिणा होणार नसेल तर पैसेही त्या मानाने ठरावेत. वन विभागाची प्रवेश पावती गाइडच्या पैशांत धरलेली आहे का, हेही तेव्हाच विचारा.

उतार दगडी आणि निसरडा आहे. आजीला गुडघ्याचा त्रास असेल तर तिला खाली नेऊ नका. वर धारेच्या परिसरात आणि कठड्यावरून तिला भरपूर दिसते. खाली वानरे पिशव्या ओढतात, तेव्हा खाण्याचे सामान उघडे नको. आणि मुलांनी काळा-काचेसारखा चमकणारा दगड उचलला तर तो तिथेच ठेवायला लावा. हे अभयारण्य आहे आणि त्या दगडांवर जगभरचे लोक अभ्यास करायला येतात.

सिंदखेडराजा आणि मेहकर

लोणार पाहून थकलेली मंडळी सिंदखेडराजाला वाड्याच्या दारात जिजाऊंना नमस्कार करून निघतात. जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८ चा, आणि लखुजी जाधवांचा तो राजवाडा हे दर्शनाचे ठिकाण आहेच. पण गावात पाहण्याजोगे त्याहून पुष्कळ आहे. लखुजींची विटा-दगडांची समाधी, काळा कोट, रंगमहाल, नीलकंठेश्वर, मोती तलाव आणि चांदणी तलाव. १६२९ मध्ये देवगिरीवर निजामशहाच्या दरबारात लखुजी आणि त्यांचे मुलगे मारले गेले. ती कथा समाधीसमोर उभे राहून ऐकावी. २०२४ च्या जूनमध्ये याच समाधीच्या परिसरात पुरातत्त्व खात्याला उत्खननात शेषशायी विष्णूचे मोठे शिल्प सापडले. पावणेदोन मीटरच्या आसपास लांब, खाली समुद्रमंथनाचा प्रसंग कोरलेला. जाधवांच्याही कित्येक शतके आधी हे गाव कसे असेल, याची त्यावरून कल्पना येते.

इथे स्थानिक माहीतगार मिळाला तर ५०० रुपये राखून ठेवा. मोती तलावाच्या बांधाची रचना दाखवायला त्याला मुद्दाम सांगा. १२ जानेवारीच्या आसपास मात्र ही सहल आखू नका, जिजाऊ जयंतीला लाखोंची गर्दी लोटते आणि खोली मिळत नाही. त्या दिवशी जायचे ते जयंतीसाठीच जावे.

मेहकरला परतीच्या वाटेवर उन्हे उतरताना पोहोचाल. १८८८ मध्ये सापडलेली शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची मूर्ती, जुनी हेमाडपंती धर्मशाळा आणि कंचनीचा महाल. हा महाल आता पडका आहे. त्याच्या माथ्यावरून लोणारच्या देवीचा दिवा दिसावा म्हणून कंचनीने तो बांधायला घेतला, अशी लोककथा आहे. मेहकरचेच कवी ना. घ. देशपांडे यांनी त्यावर कविता लिहिली. इथे अर्धा-पाऊण तास पुरे.

चौघांचे अंदाजपत्रक

मुक्कामाला लोणारला एमटीडीसीचे निवासस्थान आहे आणि गावात साध्या खोल्याही मिळतात. दोन पलंग आणि एक जादा गादी मिळून २,२०० रुपये धरा. खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो, तो दरात आहे की वर, हे आरक्षण करताना पाहा. जेवणाला भाकरी, पिठले, ठेचा किंवा साधी थाळी घेतली तर माणशी १६० रुपयांत पोट भरते. दोन दुपारी, एक रात्र आणि दोन न्याहाऱ्या मिळून चौघांचे २,३२० होतात. प्रवेश पावत्या, पार्किंग, देवळातली दक्षिणा आणि चहा ४००. दोन्ही गावच्या गाइडचे १,५००.

घरची गाडी असेल तर त्यात २,१०० चे पेट्रोल मिळवून बेरीज ८,५२० रुपये. भाड्याच्या गाडीने, वर सांगितलेल्या ६०० किलोमीटरच्या अटीवर, तीच सहल १४,४२० वर जाते. एसटी आणि ऑटोने ती ८,३५० मध्ये होते. म्हणजे ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना एसटीने जाऊन घरच्या गाडीएवढ्याच पैशांत सहल करता येते, फक्त वेळापत्रक सांभाळावे लागते. बारा-पंधरा जणांचा गट जमला तर टेम्पो ट्रॅव्हलर सर्वांत परवडते, कारण गाडी आणि गाइड दोन्ही वाटले जातात.

या ८,५२० मध्ये गाइडचा वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. तो टाळला तर माणशी पावणेचारशे रुपये वाचतात आणि आठ हजारांच्या सहलीतला अर्थच हरवतो.

दिवस निवडायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे. पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरात खड्डा हिरवागार असतो, पण नवरात्रात कमळजा देवीची यात्रा असते. शांतपणे पाहायचे तर ते दिवस सोडा. मार्चनंतर पठार पिवळे पडते आणि दुपारचे ऊन सोसत नाही. जायचेच तर सकाळी नऊच्या आत खड्ड्यातून वर या. प्रत्येकी दोन लिटर पाणी, टोपी आणि पकड असलेले बूट हवेतच.

सहल कंपनीकडून जाणार असाल तर

इथली असो वा जैसलमेरची, तयार पॅकेज घेताना नियम सारखेच. राजस्थानच्या पॅकेजमध्ये ‘वाळवंटात एक रात्र’ एवढेच लिहिलेले असते. तंबू पक्क्या बाथरूमचा आहे का, उंटाची आणि जीपची फेरी धरली आहे का, कुलधराचे प्रवेश शुल्क कोणाचे, आणि सम जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटर दूर असल्याने जाण्यायेण्याची गाडी कोणाची, हे कलमवार लिहून घ्या. रद्द केल्यास किती परत मिळणार याचा आकडा लेखी नसेल तर आगाऊ रक्कम देऊ नका. देताना यूपीआयने द्या आणि जीएसटी क्रमांक असलेली पावती मागा. ‘पावती घेतली तर पाच टक्के वाढतील’ असे कोणी म्हणाले तरी घ्याच, कारण पुढे वाद झाला तर तोच तुमचा पुरावा.

ठरल्याप्रमाणे सेवा मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथे मार्ग निघाला नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. कंपनी पुण्याची असली तरी वाशिमलाच दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क लागत नाही.

हिवाळ्यात शनिवारच्या खोल्या लवकर भरतात. लोणारची खोली आणि गाइड दोन्ही निदान आठवडाभर आधी फोनवर ठरवा, आणि गाइडचे पैसे मधल्या कोणाच्या हाती न देता त्याच्याच हातात द्या.